पोर वाचतंय, पण त्याला कळतंय का?

आमच्या वस्तीतल्या विहारात दर रविवारी सकाळी वंदना झाली की पंधरा-वीस पोरे मागे थांबतात. कुणी तिसरीतले, कुणी पाचवीतले, दोघे-तिघे सातवीतले. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. घरी बसून करायचे काय, म्हणून त्यांचा तास घेतो. गेल्या पावसाळ्यात पाचवीतल्या एका मुलीला मराठीच्या पुस्तकातला धडा वाचायला सांगितला. पोरीने खणखणीत आवाजात, कुठेही न अडखळता, पानभर मजकूर एका दमात वाचून काढला. मागे बसलेल्या तिच्या आजीच्या चेहऱ्यावर समाधान मावेना. मी विचारले, "छान वाचलंस बाळ. आता सांग, धड्यात काय झालं?" पोरगी गप्प. पुन्हा विचारले, "बरं, गोष्ट कुणाची होती?" ती पुस्तकात बघू लागली. शेवटी म्हणाली, "सर, म्या वाचलं की समदं. इचारणार हाय हे कुठं सांगितलं व्हतं?"

पोरे हसली. मला हसू आले नाही. कारण पस्तीस वर्षे मी स्वतः पोरांना असेच वाचायला शिकवले. मोठ्याने वाच, स्पष्ट वाच, भराभर वाच. साहेब तपासणीला आले की वर्गातला असाच एखादा खणखणीत पोरगा उभा करायचा. साहेब खूश, हेडमास्तर खूश. त्या पोराला काय कळले, हे साहेबांनी विचारले नाही आणि मीही विचारले नाही.

बांधवांनो, २० मार्च १९२७ ही तारीख आपल्यापैकी लहान पोरालाही पाठ आहे. महाडचे चवदार तळे. पण त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी बाबासाहेब मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या खर्चावर बोलायला उभे राहिले होते, हे किती जणांना ठाऊक आहे? त्या भाषणात त्यांनी सरकारपुढे साधा हिशेब मांडला. प्राथमिक शाळेत शंभर मुले आली, तर चौथीपर्यंत अठरा पोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. मग त्यांच्यावर केलेला खर्च गेला कुठे? प्राथमिक शिक्षणाचा हेतूच त्यांनी असा सांगितला होता की, शाळेच्या दारात आलेले मूल साक्षर होऊनच बाहेर पडावे आणि पुढे आयुष्यभर साक्षर राहावे. त्यातला 'आयुष्यभर' हा शब्द फार महत्त्वाचा आहे. ज्याला वाचलेले कळत नाही, तो शाळा सुटल्यावर वाचेल कशाला? आणि जो वाचत नाही, तो दहा वर्षांनी सही करण्यापुरताच साक्षर राहतो.

आज चौथीच्या आधी शाळा सोडणारी पोरे पूर्वीपेक्षा फार कमी झाली, हे खरे. पट भरलेला आहे, खिचडी शिजते, पुस्तके फुकट मिळतात. पण मूल शाळेत बसलेले असताना आतल्या आत निरक्षर राहते, त्याचे काय? 'असर' नावाचा सर्वेक्षण अहवाल २००५ पासून निघतो. गावोगावी घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात. २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या सरकारी शाळांत पाचवीतल्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले ४४.८ टक्के. तिसरीत हेच प्रमाण २३.४ टक्के. आणि लक्षात घ्या, ही मुख्य चाचणी केवळ वाचण्याची आहे. माझ्या विहारातली ती मुलगी त्या चाचणीत पहिल्या झटक्यात पास झाली असती! म्हणजे जी पास होतात, त्यांच्यातही न कळता वाचणारी किती, हा प्रश्न त्या आकड्याच्या आत दडलेलाच राहतो.

सरकारी शाळांत आता उरली आहेत कुणाची पोरे? ज्यांना परवडते त्यांनी इंग्रजी शाळेची पिवळी बस पकडली. मागे राहिली ती शेतमजुराची, ऊसतोड कामगाराची, सफाई कामगाराची, पारध्याची, वडाराची, आपली. तेव्हा हा आकडा कुणाच्या पोरांचा आहे, हे वेगळे सांगायला नको.

न कळण्याचे कारण काय? 'आपल्या पोरांचे डोकेच चालत नाही' असे म्हणणारे मास्तर मी स्टाफरूममध्ये ऐकले आहेत. जातीवरून बुद्धी ठरवायची जुनी खोड अशी खुर्चीत बसून बोलते. शिक्षणशास्त्र मात्र वेगळे सांगते. १९८६ साली गॉफ आणि टनमर या दोन अभ्यासकांनी वाचनाची एक साधी मांडणी केली. वाचून कळणे म्हणजे दोन गोष्टींचा गुणाकार. एक, अक्षरांवरून शब्द काढता येणे. दुसरी, ती भाषा ऐकून कळणे. बेरीज नव्हे, गुणाकार! त्यातली एक शून्य असेल तर उत्तर शून्य. आपली शाळा पहिल्या गोष्टीवर चार वर्षे घालवते आणि दुसरी घरून आलेली आहे असे धरून चालते. ज्याच्या घरात पुस्तकातली भाषा बोलली जाते, त्याच्याकडे ती घरून आलेली असतेच. ज्याच्या घरात 'व्हतं', 'न्हाई', 'इचार' चालते, त्याला पुस्तकाची मराठी ही अर्धी परकीच. गोरमाटी किंवा पारधी बोलणाऱ्या लेकराला तर ती पूर्ण परकी. त्याने अक्षरे जुळवून शब्द काढला, पण त्या शब्दाचे चित्र त्याच्या डोळ्यांपुढे येत नाही. मग तो वाचतो कसा? बाजा वाजवल्यासारखा. सूर निघतो, अर्थ निघत नाही.

म्हणून मी चित्राकडे वळलो. हे काही माझे संशोधन नव्हे. डोळ्यांपुढे येत नाही ना, तर मग डोळ्यांपुढे ठेवून बघू, इतकेच.

वस्तीत एक पेंटर आहे. दुकानांच्या पाट्या, जयंतीचे बॅनर, लग्नाच्या कमानी रंगवायचा. फ्लेक्स आल्यापासून त्याचे काम बसले. त्याला म्हटले, "पेंटरभाऊ, मला चार चित्रं काढून दे. पुठ्ठ्यावर." गोष्ट आपल्या सर्वांना माहीत असलेली निवडली. बाबासाहेबांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनात लिहिलेली, १९०१ सालची. भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची पोरे वडिलांना भेटायला साताऱ्याहून निघतात, मसूर स्टेशनवर उतरतात, आणि न्यायला कुणीच आलेले नसते. पहिल्या चित्रात स्टेशन, नव्या टोप्या घातलेली मुले, बाजूला सामान. दुसऱ्यात स्टेशनमास्तर त्यांच्याकडे वाकून काही विचारतो आहे. तिसऱ्यात तोच स्टेशनमास्तर दोन पावले मागे सरकलेला. चौथ्यात बैलगाडी: कासरा मुलांच्या हातात आणि गाडीवान गाडीच्या बाजूने पायी चालतो आहे. प्रत्येक चित्राखाली दोन-तीन ओळी लिहिल्या आणि त्या ओळींवर कागदाची पट्टी चिकटवून झाकून टाकल्या.

रविवारी पहिला पुठ्ठा समोर ठेवला. सांगितले, वाचायचे नाही, फक्त बघायचे. काय दिसते ते बोलायचे. घरी बोलता तसे बोलायचे, 'व्हतं' म्हटले तरी चालेल. सुरुवातीला 'पोरं हायत', 'पेटी हाय' एवढेच. मग एक तिसरीतला पोरगा म्हणाला, "सर, सांज झाली वाटतं." कशावरून? "सावल्या लांब हायत की." पेंटरने सावल्या लांब काढल्या होत्या, हे माझ्याही लक्षात आले नव्हते! मग दुसरी म्हणाली, सांज झाली आणि कुणी न्यायला आलं नाही, म्हणजे भ्या वाटत असंल. बघा, वाचनाच्या परीक्षेत ज्याला 'अनुमान काढा' म्हणतात, तो प्रश्न कुणी न विचारता या पोरांनी सोडवला होता. अक्षर न वाचता.

तिसऱ्या चित्रावर बराच वेळ गेला. मास्तर मागं का सरला? कुणी म्हणाले, साप दिसला असंल. कुणी म्हणाले, पोरांनी काही चोरलं असंल. मी हो-नाही काही म्हटले नाही. चौथे चित्र पुढे ठेवले. गाडीवान पायी आणि पोरे गाडी हाकतात, हे कसे? गाडी कुणाची? मग पायी कोण चालतो? बराच वेळ कुणी बोलेना. आणि मग ती पाचवीतली मुलगी, जिला धड्यातले काही सांगता आले नव्हते, हळूच म्हणाली, "त्याला इटाळ व्हतो आसंल. गाडीत संगट बसला तर."

त्यानंतर पट्ट्या काढल्या. म्हटले, आता वाचा, आपण म्हटले तेच आहे का बघू. त्या दिवशी ती मुलगी भराभर वाचत नव्हती. दुसऱ्या ओळीवर थांबली, मागे गेली, परत वाचली, चित्राकडे बघितले आणि पुढे गेली. मला तो थांबा फार मोलाचा वाटतो. समजून वाचणारा माणूस थांबतो. बाजा वाजवणारा थांबत नाही. शाळेत मात्र थांबणाऱ्याला 'अडखळतो' म्हणून कमी गुण!

हा सगळा खटाटोप चित्रामुळे झाला का? अर्धा चित्रामुळे, अर्धा विचारण्यामुळे. अमेरिकेत १९८८ साली व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी लहान मुलांच्या आईबापांना हेच शिकवले: चित्रांचे पुस्तक घेऊन नुसते वाचून दाखवू नका, मुलाला विचारा, त्याला बोलू द्या, त्याच्या उत्तराला दोन शब्द जोडून परत द्या. महिनाभरात त्या मुलांची भाषा इतरांच्या पुढे गेली. पुढे मेक्सिकोतल्या गरीब घरांतल्या मुलांवरही हा प्रयोग झाला आणि तिथेही फायदा दिसला. याला पैसा लागत नाही. लागते ते मोठ्या माणसाने पोराच्या उत्तराची वाट बघणे. आपल्याकडे तीच गोष्ट दुर्मिळ.

उलट बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर उद्या कुणीतरी भिंती रंगवून मोकळा होईल. चित्र हे कुबडीही होऊ शकते. १९६७ साली सॅम्युएल्स या अभ्यासकाने दाखवले की, नुकतीच अक्षरे शिकणारी मुले शब्दाशेजारी चित्र असले की चित्रावरूनच शब्द सांगतात आणि अक्षराकडे बघतच नाहीत. माझ्या वर्गातही हे घडायचे. 'घोडा' लिहिलेले, शेजारी घोडा. पोरगा बिनधास्त 'घोडा' म्हणायचा. चित्र झाकले की तोंड बंद. तेव्हा अक्षर ओळखायच्या वेळी चित्र बाजूला, आणि अर्थ लावायच्या वेळी चित्र समोर, एवढा विवेक मास्तरकडे हवा. १९८२ साली लेव्ही आणि लेंट्झ यांनी तोवरच्या अनेक प्रयोगांचा आढावा घेतला. जे चित्र मजकुरातलीच गोष्ट सांगते, त्याने समजायला आणि लक्षात राहायला मदत होते. जे नुसते शोभेचे असते, त्याने काही होत नाही, असा त्याचा मथितार्थ आहे. आपल्या शाळांच्या भिंतींवर रंगवलेली फुलपाखरे आणि मिकी माऊस कोणत्या खात्यात जमा करायचे ते वाचकांनीच ठरवावे.

चित्रातून गोष्ट सांगायला आपल्याला कुणा परदेशी पंडिताने शिकवायची गरज नाही, हेही या निमित्ताने सांगून टाकतो. युरोपात कोमेनियस नावाच्या शिक्षकाने १६५८ साली मुलांसाठी सचित्र पाठ्यपुस्तक काढले, त्याचा मोठा गौरव होतो आणि व्हायलाही हवा. पण त्याच्या हजारभर वर्षे आधी आपल्या अजिंठ्यात सतरा नंबरच्या लेण्यात विश्वंतर जातक भिंतीवर उभे होते. दहा नंबरच्या लेण्यात सहा सुळ्यांच्या हत्तीची षड्दंत जातकाची गोष्ट तर त्याहूनही जुनी. भारहूतच्या स्तूपावर तर आणखी पुढची पायरी दिसते. इसवी सनापूर्वीच्या त्या शिल्पांवर जातकाचा प्रसंग कोरलेला आणि लगत ब्राह्मी लिपीत त्या जातकाचे नाव. चित्र आणि अक्षर शेजारी शेजारी! ज्ञान पोथीत बांधून ठेवायचे नाही, येणाऱ्या-जाणाऱ्या वाटसरूलाही ते दिसले पाहिजे, ही दृष्टी त्यामागे होती. एका बाजूला ज्यांनी ऐकायलाही बंदी केली ते, आणि दुसऱ्या बाजूला ज्यांनी दगडावर उघडे करून ठेवले ते. अजिंठ्याची सहल आपण दरवर्षी काढतो. पोरे माकडे आणि धबधबा बघून परत येतात. विश्वंतराच्या भिंतीपुढे पाच मिनिटे पोरांना उभे करून 'बघा, काय चाललंय?' एवढे विचारणारा मास्तर मला तिथे अजून भेटलेला नाही. मीही तो नव्हतो.

आता मुख्य मुद्दा. चित्र हवे, पण कुणाचे?

जे चित्र पोराने आयुष्यात पाहिलेलेच नाही, ते त्याला कळायला कशी मदत करणार? पाठ्यपुस्तकात 'माझे घर' म्हटले की वर्षानुवर्षे आले ते कौलारू घर, समोर अंगण, अंगणात तुळस, ओसरीवर आजोबा. बालभारतीची पुस्तके अलीकडे बदलली, रंगीत झाली, वेगवेगळी माणसे त्यांत दिसू लागली, हे मान्य केले पाहिजे. पण पत्र्याची खोली, पालाचे घर, कोपीवरचा संसार, नळावरची हंड्यांची रांग, बापाच्या हातातला कोयता, आईच्या डोक्यावरची पाटी, विहारातली पोरांची रांग, हे पुस्तकात किती पानांवर सापडते? घर म्हटल्यावर दाखवलेले घर आपले नाही, सण म्हटल्यावर दाखवलेला सण आपला नाही, ताटात दाखवलेले जेवण आपले नाही. पोर मनाशी एकच गोष्ट शिकते: पुस्तक हे दुसऱ्यांविषयी असते. मग त्यातले कळले काय आणि न कळले काय!

मराठीत चांगली चित्रपुस्तके नाहीत असे मी म्हणणार नाही. माधुरी पुरंदरे यांचे 'राधाचं घर' मी माझ्या नातीला दहादा वाचून दाखवले आहे. चित्र आणि शब्द कसे एकमेकांचा हात धरून चालतात, ते त्यात बघावे. पण ते घर राधाचे आहे. विहारातल्या पोरांना त्यातले काही दिसते, काही दिसत नाही. त्यांच्या घराचे पुस्तक कुणी काढायचे? राधाच्या आईबापाने? ते आपण काढायचे.

हीच तक्रार अमेरिकेतल्या काळ्या लोकांची होती. १९६५ साली नॅन्सी लॅरिक या बाईंनी तीन वर्षांत निघालेली पाच हजारांवर बालपुस्तके तपासली. काळे माणूस दिसते अशी पुस्तके निघाली अवघी ६.७ टक्के. पण काळ्यांचे नेते त्याच्या कितीतरी आधी जागे झाले होते. ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ साली पत्र लिहिले, ते डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस हे केवढे मोठे विद्वान. समाजशास्त्रज्ञ, चळवळीचे नेते, संपादक. या माणसाने सहकाऱ्यांना घेऊन खास काळ्या मुलांसाठी 'द ब्राउनीज बुक' नावाचे सचित्र मासिक सुरू केले. गोष्टी, चित्रे, मुलांचे फोटो. पहिला अंक जानेवारी १९२० चा. आणि त्याच जानेवारी १९२० च्या ३१ तारखेला इकडे मुंबईत 'मूकनायक' निघाला! दोन खंडांवर दोन दबलेल्या समाजांनी एकाच महिन्यात तोंड उघडले. ते मासिक जेमतेम दोन वर्षे, चोवीस अंक चालले; पैशाअभावी बंद पडले. 'मूकनायक'चेही आयुष्य फार नव्हते. पण डुबॉइसना एवढे कळले होते की, मोठ्यांचे पत्र काढून भागत नाही, सात वर्षांच्या पोरालाही त्याचे पान हवे. 'मूकनायक'पासून आजपर्यंत आपल्या चळवळीने किती पत्रे, पाक्षिके, मासिके काढली! त्यांत पोरांसाठी सचित्र किती? बोटांवर मोजायला एका हाताची तरी बोटे लागतील का, मला शंका आहे.

दक्षिणेत थोडे काम झाले आहे. हैदराबादच्या 'अन्वेषी' या स्त्री-अभ्यास केंद्राने २००८ साली 'डिफरंट टेल्स' नावाची सचित्र गोष्टींची मालिका तेलुगू, मल्याळम आणि इंग्रजीत काढली. त्यात गोगू श्यामला या दलित लेखिकेच्या गोष्टी आहेत. एका गोष्टीत मुसलमान घरातल्या पोराच्या घरी बकऱ्याची मुंडी शिजते. जे ताट शाळेच्या पुस्तकात कधी येत नाही, ते तिथे मायेने येते. मराठीत, फुले-शाहू-आंबेडकरांच्या भूमीत, असे काही आपण मोठ्या प्रमाणावर का करू शकलो नाही?

बाबासाहेबांवरच्या चित्रकथा आहेत. 'अमर चित्र कथा'ने १९७९ साली एक काढली. पण २०११ साली आलेले 'भीमायन' बघा. दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ते चितारले. मसूरचा तो प्रवास त्यात आहे. त्यांनी एक विलक्षण युक्ती केली. मायेने बोलणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात आणि विषारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी! ज्याला अजून एक अक्षर येत नाही, तो पोरगाही बोट ठेवून सांगतो, ह्यो वाईट बोलतोय. आशय आधी पोचला, अक्षर मागून येईल. पुस्तक मोठ्यांसाठीचे, किंमतही वस्तीला परवडणारी नाही. पण शिकण्यासारखे त्यात पुष्कळ आहे, आणि ते एका आदिवासी जोडप्याने दाखवले आहे, कला महाविद्यालयाने नव्हे.

६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे केवढे बाजार भरतात. देशात दुसऱ्या कुठल्या समाजाचा मेळा पुस्तकांवर एवढा खर्च करत असेल, असे मला वाटत नाही. अंगावर धड कपडा नसलेली बाई खंडांचे ओझे डोक्यावर घेऊन रेल्वेत चढताना मी पाहिली आहे आणि मान लवली आहे. पण गेल्या खेपेला मी मुद्दाम एकच गोष्ट शोधत फिरलो: सात वर्षांच्या पोराला हातात देता येईल असे पुस्तक. मिळाले काय? मुखपृष्ठावर बाबासाहेबांचा रंगीत फोटो आणि आत बारीक टायपात सनावळ्या. जन्म अमुक, पदवी तमुक, परिषद तमुक. एका स्टॉलवाल्याला विचारले, लहान मुलांचे चित्रांचे काही? तो म्हणाला, "साहेब, लहान पोरांचं खपत नाही." मी म्हटले, "छापलं कधी?" तो हसला आणि पाणी पुढे केले. त्याचा तरी काय दोष. रंगीत छपाईचे पैसे कोण घालणार?

पैशाचे बोलायचे तर जयंतीच्या डीजेचे एका रात्रीचे भाडे काढा आणि तेवढ्यात चार रंगांची सोळा पानांची किती पुस्तके निघतात ते आपल्याच एखाद्या प्रेसवाल्याला विचारा. मी डीजेविरुद्ध भाषण करायला बसलेलो नाही. पोरे नाचली तर नाचू द्यावे. पण जयंती मंडळाच्या जमाखर्चात 'चित्रपुस्तके' असे एक खाते आजवर मी पाहिले नाही. वरातीच्या रथाला फुले लागतात, तशी वस्तीतल्या पोरांना गोष्ट लागते.

आणि छापीलच हवे असेही नाही. नॅशनल बुक ट्रस्टची नेहरू बाल पुस्तकालय मालिका मराठीत स्वस्तात मिळते. 'प्रथम बुक्स'ने २०१५ पासून 'स्टोरीवीव्हर'वर हजारो सचित्र गोष्टी फुकट ठेवल्या आहेत, मराठीतही आहेत. त्या छापून घ्यायची, भाषांतर करायची, आपल्या बोलीत आणायची मोकळीक आहे. ज्या पोरांच्या हातात दिवसभर मोबाईल आहे, त्यांच्यातल्या एकाने आठवड्यातून एक गोष्ट उतरवून दिली तर विहाराचे कपाट वर्षभरात भरेल. फक्त नुसते उतरवून आणि वाटून थांबू नये. पुस्तक वाटपाचा फोटो पेपरात येतो, पोराने गोष्ट सांगितल्याचा फोटो येत नाही. म्हणून आपले कार्यक्रम वाटपापाशी संपतात. एक पुस्तक, दहा पोरे, एक ताई किंवा दादा, आणि अर्धा तास. आधी चित्र, मग बोलणे, मग पुढे काय होईल याचा अंदाज, मग वाचन. शेवटी पुस्तक मिटून पोराने ती गोष्ट आपल्या शब्दांत सांगायची. मिटलेल्या पुस्तकातून गोष्ट बाहेर आली, तरच ती कळली असे मानायचे.

बारावी झालेल्या, घरी बसलेल्या मुली प्रत्येक वस्तीत आहेत. १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेने वसतिगृहांबरोबर वाचनालये हेही आपले काम मानले होते. त्या वाचनालयात आज एक खालचा कप्पा लागेल, पोराचा हात पोचेल इतका खाली. आमच्या विहारात कपाट आहे, त्याला कुलूपही आहे. किल्ली समितीच्या सचिवांकडे असते आणि सचिव रविवारी सकाळी शेतावर असतात. तो वाद अजून मिटलेला नाही, म्हणून सध्या पुठ्ठे मी घरून पिशवीत घालून नेतो.

पुढचा संच मुक्ता साळवेचा करायचे ठरवले आहे. जोतीराव-सावित्रीबाईंच्या शाळेत शिकलेली मांग समाजातली पोर. १८५५ साली तिचा निबंध 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आपल्या समाजाच्या दुःखावर तिने धर्मालाच जाब विचारला. तिला वाचता येत होते, कळत होते, म्हणून विचारता आले. पोरांना सांगितले की ती तुमच्याएवढीच होती, तर दोघी-तिघींना खरे वाटले नाही. पाच चित्रे लागतील असा अंदाज आहे. पण पेंटर अडला आहे. तो विचारतो, "सर, त्या वेळची शाळा दिसायची कशी? पोरी जमिनीवर बसायच्या की फळीवर? अंगात काय घालायच्या?" मला सांगता आले नाही. त्या काळच्या पुण्यातल्या शाळेचे, पोशाखाचे जुने चित्र कुणा वाचकाच्या संग्रहात असेल, तर त्यांनी संपादकांकडे पाठवावे. तोवर पेंटरने पहिल्या पुठ्ठ्यावर फक्त मुलीचा चेहरा काढून ठेवला आहे. तो आमच्या त्या पाचवीतल्या मुलीसारखा झाला आहे, असे पोरे म्हणतात.